दोन नावांचे कागद

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

सकाळी ११ वाजून २० मिनिटे. पेडणे बाजारातल्या छापखान्यात बसून नवरात्राच्या कार्यक्रमपत्रिकेचे प्रूफ तपासत होतो. 'सुश्राव्य' मधला श्र तुटला होता, तो नीट करत असतानाच संजनाचा फोन आला. ती दुकानाच्या वेळेत कधी फोन करत नाही. आईला काही झाले असेल असे वाटून मी उभा राहिलो.

"लागलें," ती म्हणाली.

"कितें लागलें? खंय लागलें?"

"अहो, काम लागलें. तुयेंच्या कंपनीचें पत्र आयलां."

(घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहिताना मराठी लिहितो. पण कोणी काही बोलले तर ते जसे बोलले तसेच इथे लिहितो, नाहीतर ते माझे होते.)

तुये औद्योगिक वसाहतीतली औषधांच्या गोळ्यांची कंपनी. मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन. पगार अठरा हजार. संजना आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स पहिल्या वर्गात पास आहे. मी नववी नापास. नववीत असताना बाबा वारले, आणि मी सगुणबाबांच्या या छापखान्यात लागलो. आता अकरा वर्षे झाली. पगार चौदा हजार.

मला आनंद झाला. सगुणबाबांना चहा पाजला. दुपारी दोनपर्यंत आनंद टिकला. नंतर मनात आले: पहिली पाळी सकाळी सहाची. कंपनीची बस चांदेलपर्यंतच येते, आमच्या इब्रामपूरला नाही. शॉक लागला तर?

मंगळवार, १६ सप्टेंबर

पत्र चार वेळा वाचले. १३ ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजता सर्व मूळ कागद घेऊन हजर राहायचे. सर्व कागद एकाच नावाचे हवेत.

इथे अडचण आहे, आणि ती मी केलेली आहे.

तिचे दहावीचे, बारावीचे आणि आयटीआयचे प्रमाणपत्र: तेजस्विनी कृष्णनाथ सावळ. तिचे आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक: संजना गौरेश परब.

आमच्यात लग्नात नवरीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे. भटजींनी स अक्षर काढून दिले होते. मी आठ दिवस विचार करून संजना ठरवले. तिला ते ताटात वाचूनच कळले. बाकीचे लोक एवढ्यावर थांबतात. घरात एक नाव, कागदावर दुसरे, आणि कोणाचे काही अडत नाही. मला कागद अर्धवट ठेवणे जमत नाही. लग्नानंतर तीन महिन्यांत मी रजा काढून सगळीकडे नाव बदलून घेतले. पंचायतीतला कारकून म्हणाला होता, "तुज्यासारको घोव हांवें आजून पळोवंक ना." असा नवरा अजून पाहिला नाही, हे मी कौतुक समजलो होतो.

संजनाने कागद पलंगावर दोन रांगांत मांडले. माहेरचे, म्हणजे नार्वेचे, एका रांगेत, इब्रामपूरचे दुसऱ्या. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "ही दोगां एकामेकांक वळखनात."

गुरुवार, १८ सप्टेंबर

कंपनीच्या कचेरीत फोन केला. विशाल नावाचा मुलगा बोलला. चांगला बोलतो, पण भरभर बोलतो.

मी सांगितले की प्रतिज्ञापत्र करून देतो, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत म्हणून.

"दादा, म्हाका पटता. पीएफाच्या सिस्टमाक पटना. आधार आनी सर्टिफिकेट, दोनूय सारकीं जाय."

"पण नोटरीचा शिक्का—"

"दादा, तुमी कोण उलयतात? कॅण्डिडेट खंय आसा?"

मी सांगितले की ती घरी आहे, मी तिचा नवरा. तो म्हणाला पुढच्या वेळी तिलाच फोन करायला सांगा. मला हे थोडे लागले. कागदांची माहिती मला जास्त आहे.

तरी प्रतिज्ञापत्र केले. कदाचित चालेल. मजकूर मीच टाइप केला, एकही चूक नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

प्रतिज्ञापत्र चालत नाही असे उत्तर आले.

मला बरे वाटले. हे लिहायला नको होते. पण दैनंदिनी खोटी लिहायची तर कशाला लिहायची? संजनाला उत्तर दाखवताना मात्र मी तोंड वाईट केले.

रात्री जेवताना ती म्हणाली, "म्हजें पयलेंच नांव परत घालया. आधारार. सर्टिफिकेटां बदलूंक वर्स वतलें. आधार बदलूंक आठ-पंदरा दीस."

आई शेवग्याची पाने निवडत होती. हात चालूच राहिले.

मी म्हणालो विचार करून सांगतो. नंतर खोलीत संजनाला सांगितले की आईला वाईट वाटेल, देवासमोर घातलेले नाव आहे. ती म्हणाली, "आई तशें म्हणाली?" मी म्हणालो, म्हणाली नाही, पण वाटेल.

बुधवार, २४ सप्टेंबर

सगुणबाबांना विचारले, तुम्ही असता तर काय केले असते. तसे सगुणबाब मनाने वाईट नाहीत, पण बोलताना आजूबाजूला कोण आहे ते पाहत नाहीत. पावतीपुस्तके न्यायला आलेली दोन गिऱ्हाइके उभी होती.

"अरे गौरेश! आज नांव म्हायेरा गेलें, फाल्यां फाटोफाट बायल वतली. मागीर तूं आधारकार्ड घेवन बस!"

आज नाव माहेरी गेले, उद्या मागोमाग बायको जाईल, हे ऐकून गिऱ्हाइके हसली. सगुणबाबही हसले, मग माझे तोंड पाहून म्हणाले, थट्टा केली, "फकाणां रे." पण डबा उघडला तरी मला जेवण गेले नाही. मोरी माशाचे तिकले होते, माझ्या आवडीचे.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आधार केंद्रात गेलो. काउंटरवर कमल नावाच्या बाई आहेत, त्यांनी नीट समजावले. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. एकदा झाले, आता शेवटची संधी. फोटो असलेला जुन्या नावाचा पुरावा हवा. मी म्हणालो तसा एकही नाही, सगळे मी बदलले. मग आठवले की तिचे मतदार ओळखपत्र अजून नार्वेच्या पत्त्यावर तेजस्विनी म्हणूनच आहे. त्याचा फॉर्म परत आला होता आणि माझ्या हातून राहून गेला. एवढे एकच काम मी अर्धवट ठेवले होते, आणि मला त्याची लाज वाटायची.

"मग जालें," कमलबाई म्हणाल्या. "फाल्यां साडेणवांक तिका घेवन या. तिचे दोळे आनी बोटां जाय, तुमचीं न्हय."

घरी आल्यावर संजनाने विचारले, "कितें म्हणालीं?"

मी म्हणालो, मशीन बंद आहे. दसऱ्यानंतर या म्हणाले.

हे खोटे आहे, उद्याच या म्हणाल्या होत्या. दसरा २ तारखेला. नंतर शनिवार-रविवार येतो. आठ-पंधरा दिवस लागणार. १३ तारीख उलटेल. मी हा हिशेब खोटे बोलण्याआधी केला होता की नंतर, ते मला सांगता येत नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

झोप नाही. कागद घेऊन नोकरीच्या बाजूने आणि विरुद्ध अशी यादी केली. बाजूने तीन मुद्दे आले, विरुद्ध चौदा. यादी इथे उतरवत नाही, वहीत वेगळी घडी करून ठेवली आहे.

बाहेरच्या दिव्याचा होल्डर सैल झाला होता, तो संजनाने बसवला. मी शिडी धरली.

सोमवार, २९ सप्टेंबर

संध्याकाळी सव्वासातला घरी पोहोचलो. आई आणि संजना पडवीत बसून उरलेली भजी खात होत्या. कागदाच्या पुड्यावरून ओळखले, पेडण्याच्या बसस्टँडवरची.

"पेडण्याक कोण गेल्लें?"

"आमी," आई म्हणाली.

"कित्याक?"

"आधार करूंक."

मी चपला काढत होतो, एक पायातच राहिली.

संजना माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मशीन बरें चलता."

एवढेच. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरे झाले असते.

आईला मी म्हणालो, मला विचारायचे तरी. आई म्हणाली, "तुका विचारून आठ दीस जाले. तूं यादी करीत रावलो, आमी वचून आयलीं."

मग मी म्हणालो की तुला वाईट वाटेल म्हणून मी थांबलो होतो. देवासमोरचे नाव. आई हसली. तिच्या हसण्याचा मला राग आला. मग तिने जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो.

"म्हजें नांव कितें?"

"कमलाक्षी."

"तें तुज्या बापायन घातलें. शाळेच्या दाखल्यार चंद्रावती. तुजो बापूय खाणीर ट्रक चलयतालो, मेल्यार म्हाका पेन्शन मेळपाची आसली. त्याच्या फॉर्मार बायलेचें नांव चंद्रावती, म्हज्या बाकीच्या सगळ्या कागदांर कमलाक्षी. तीन वर्सां म्हाका हांगा-थंय धांवडायली. एका कागदार हांव विधवा, दुसऱ्या कागदार म्हजें लग्नूच जावंक ना. मागीर हांवें सोडून दिलें."

ती हे विनोदासारखे सांगत होती. संजनाही हसली, मग थांबली आणि माझ्याकडे पाहिले. का ते कळले नाही.

पेन्शनचे मला माहीतच नव्हते. मी तेव्हा नुकताच छापखान्यात लागलो होतो, सकाळी आठला जायचो.

गुरुवार, २ ऑक्टोबर (दसरा)

सकाळी आपट्याची पाने द्यायला गेलो तेव्हा संजना टेस्टर, पक्कड आणि इन्सुलेशन टेपचे बंडल पाटावर मांडून हळदकुंकू लावत होती. आयटीआयमध्ये घेतलेली हत्यारे. लग्नानंतर ती कपाटाच्या वरच्या फळीवर होती. गेल्या दसऱ्याला आम्ही माझी कात्री, स्टेपलर आणि स्कूटर पुजली होती. तिची पुजायचे कोणाला सुचले नव्हते.

मी सांगितले की मशीन बंद नव्हते.

"म्हाका खबर आसलें."

"कसें?"

"तुमी खरें सांगतात तेन्ना वेळ सांगतात. धा वाजून चाळीस मिनटां, कावंटरार निळी साडी, पावती क्रमांक अमुक. त्या दिसा नुसतें 'मशीन बंद'. तेन्नाच कळ्ळें."

मला वाटले होते ती रागावेल. तिने विचारले, "भंय कसलो?"

मी घडी केलेली यादी दिली. तिने उभ्या उभ्या वाचली. तिसरा मुद्दा: शॉक. ती म्हणाली घरातला मेन स्विच कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही, शॉक तुम्हाला लागेल. नववा मुद्दा: ती माझ्यापेक्षा जास्त कमावेल. तिने हळदीच्या बोटाने त्यावर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "हें सारकें आसा." चौदावा मुद्दा मी अगदी बारीक अक्षरात लिहिला होता: ती जाईल.

तो तिने मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "वतलीं मगो. सकाळीं सवा पांचाक. दोनाक पाळी सुटता, तीनाक चांदेलाक पावतां. हाडूंक कोण येतलो, तें बरयात पंदराव्या नंबराक."

मी लिहिले: तीनला दुकानातून सुट्टी मिळणार नाही, सकाळी मी सोडीन, दुपारी आईशी बोलून ठरवू. ती म्हणाली दुपारी ती चालत येईल, पाय तिचेच आहेत.

सोने द्यायचे राहूनच गेले. संध्याकाळी दिले.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आधारची स्थिती: 'प्रक्रिया सुरू आहे'. सकाळपासून अकरा वेळा पाहिले. सगुणबाब म्हणाले, "त्या मोबायलाक इतलें पळयत रावलो जाल्यार तो लजतलो."

सांगितल्याप्रमाणे २६ ला केंद्रात नेले असते तर अर्ज तीन दिवस आधी गेला असता. हे तीन दिवस मी तिचे घेतले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अजून 'प्रक्रिया सुरू आहे'. परवा १३. दुकानातून लवकर आलो. म्हटले विशालला मीच फोन करतो, काय बोलायचे ते पाच मुद्द्यांत लिहून आणले होते.

संजनाने कागद घेतला, वाचला, परत दिला आणि स्वतः फोन लावला. मी समोरच बसलो होतो.

"हॅलो, तेजस्विनी सावळ उलयतां."

लग्नाला दीड वर्ष झाले. हे नाव मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आवाज थोडा वेगळा होता, म्हणजे तोच होता, पण सरळ होता. माझ्या पाच मुद्द्यांपैकी तिने एकही वापरला नाही. म्हणाली: अर्ज गेला आहे, पावती आहे, आयटीआयमध्ये तिला पॅनेल वायरिंगला पंच्याऐंशी गुण आहेत, आणि दिवाळीत कंपनीची मशिने बंद ठेवून दुरुस्ती असते हे तिला माहीत आहे, तेव्हा माणसे लागतात. पंधरा दिवस द्या.

तिकडून विशाल काहीतरी बोलला. ती म्हणाली, "ना, घोवाक न्हय, म्हाकाच फोन करात."

तिने फोन ठेवला. आई आतून म्हणाली, "कितें जालें गे?"

"सत्तावीस तारीख. थंय मेरेन आधार येवंक जाय. ना जाल्यार दुसऱ्याक घेतले."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दुकानात तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची गर्दी सुरू झाली. ओंकार आला होता, वारखंडचा, डिसेंबरात लग्न आहे. म्हणाला, "गौरेशा, तुजें शुद्धलेखन बरें. नवरेक एक बरें नांव सुचय. म अक्षर आयलां."

मी विचारले, तिचे आताचे नाव काय? म्हणाला, स्नेहल. काय करते? म्हापशाला लॅबमध्ये आहे.

"तिका विचारलें?"

"तिका कित्याक? सरप्रायज मरे!"

मी त्याला खुर्चीवर बसवले आणि कोणकोणत्या कागदांवर तिचे नाव असेल ते एकेक सांगितले. आधार, पॅन, पीएफ, बँक, डिग्री, लायसन. वीस मिनिटे लागली. शेवटी ओंकार म्हणाला, "बाबा, नांव न्हय, म्हाका घाम आयलो." म म्हणजे काय ते तिलाच विचारतो म्हणून गेला.

पत्रिकेची ऑर्डर मात्र दिली. दोनशे प्रती.

सोमवार, २० ऑक्टोबर (नरकचतुर्दशी)

पहाटे अभ्यंग झाले, कारीट फोडले. तिखट पोहे, गोड पोहे, ताकातले पोहे. फराळाला बसलो आणि सवयीने मोबाइल पाहिला.

सकाळी ७ वाजून ५ मिनिटे. 'आपली विनंती पूर्ण झाली आहे.'

मी मोबाइल संजनाकडे दिला, तिने आईकडे दिला. आईला वाचता येते पण चष्मा नव्हता. "कितें बरयलां?"

मी वाचून दाखवले. तेजस्विनी कृष्णनाथ सावळ. प्रत्येक अक्षर बरोबर आहे, मी दोनदा तपासले.

आई म्हणाली, "आतां पोहे थंड करूं नाकात."

सोमवार, २७ ऑक्टोबर

पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी उठलो. पाव घेऊन येणारा पोदेर सहाशिवाय येत नाही, म्हणून कालचेच पाव तव्यावर भाजले. दोन करपले, ते मी खाल्ले. चहा मी केला, बाटली मी भरली. आईने डबा केला. ५ वाजून १२ मिनिटांनी निघालो.

चांदेलच्या थांब्यावर सात-आठ बायका होत्या, पॅकिंगला जाणाऱ्या. एकीने बॅटरी तोंडावर मारून विचारले, "नवी गे तूं? नांव कितें?"

"तेजस्विनी."

"पॅकिंगाक?"

"ना. मेंटेनन्साक. इलेक्ट्रिशियन."

बॅटरी खाली गेली. मग दुसरी म्हणाली, "अगे देवा! आमच्या सेक्शनातलो पंखो तीन म्हयने बंद आसा, तुजें कांय जमता जाल्यार पळय."

"आनी हो कोण?" पहिलीने माझ्याकडे दाखवले.

"म्हजो घोव. गौरेश."

मला कोणी काही विचारले नाही. बस आली, त्या चढल्या. खिडकीतून तिने हात केला की नाही ते काळोखात दिसले नाही. मी ५ वाजून ४१ मिनिटांपर्यंत थांबलो होतो.

दुपारी तीन वाजून अडतीस मिनिटांनी फोन आला. घरी पोचली.

बुधवार, २९ ऑक्टोबर

शेजारचे सखारामकाका फाटकाशी उभे राहून आईला म्हणाले, "सुनेक दादल्यांच्या कामाक लायली?"

आई म्हणाली, "तुज्या पंपाचो फ्यूज वता मगे सदां? धाडूं तिका? दोनशें रुपया घेतली. दादलो आयल्यार पांचशें घेता."

पुरुष इलेक्ट्रिशियनपेक्षा तीनशेने स्वस्त, हे ऐकून काका घरी गेले. संध्याकाळी त्यांचा मुलगा पंपाचे विचारायला आला.

तिच्याकडून समजलेल्या अडचणी, नोंद म्हणून: मेंटेनन्समध्ये बायकांचे टॉयलेट नाही, पॅकिंगच्या इमारतीत जावे लागते, जायला यायला बारा मिनिटे. साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, तू रजिस्टर लिही, अक्षर बघू. तिने लिहिले आणि म्हणाली आता पॅनेल दाखवा. शिडीवर ती चढली की दोन माणसे उगाच खाली उभी राहतात. कंपनीचे सेफ्टी बूट सात नंबरपासून पुढेच आहेत, तिचा पाय पाच. दोन दिवस तिने आत दोन मोजे घालून काढले, टाचेला फोड आला. स्टोअरवाला म्हणाला पाच नंबर कधी कोणी मागितलाच नाही.

पॅकिंगचा पंखा चालू झाला. कपॅसिटर गेला होता.

शनिवार, १ नोव्हेंबर

म्हापशाला जाऊन पाच नंबरचे सेफ्टी बूट आणले. अकराशे पन्नास. तिच्याकडे साडेसहाशे होते, पाचशे मी दिले. मी म्हणालो राहू दे. ती म्हणाली, "राहू दे न्हय, बरयात. पगार सात तारखेक." मी घरखर्चात लिहायला लागलो तर तिने वही ओढली आणि म्हणाली, हा घरखर्च नाही, हे माझे हत्यार आहे, माझ्या नावावर लिहा.

वहीत वीजबिलाचे, रेशनचे, पोदेराचे, आईच्या औषधांचे पान आहे. तिच्या नावाचे नव्हते. नवीन पान काढावे लागले.

आजपर्यंतचा हिशेब:

खर्च
प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प आणि नोटरी (वाया): ३००
झेरॉक्स, स्कॅन: ६४
आधार केंद्राची फी: ५०
आई व सून यांचे बसभाडे, दोन्ही वेळचे: ८०
भजी, चहा: ६०
पेट्रोल, चांदेल फेऱ्या, सहा दिवस: २००
एकूण: ७५४

देणे
आईचे (फी, बसभाडे, भजी): १९०. देऊ केले, घेतले नाहीत. म्हणाली, "चंद्रावतीच्या नांवार जमा कर." तसे केले.

येणे
पान ४१. तेजस्विनी कृष्णनाथ सावळ, इलेक्ट्रिशियन: ५००. मुदत ७ नोव्हेंबर.